लस घेतली, आता रक्त कधी देऊ?

यावेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावरची आहेत: लस आणि रक्तदान. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले. मी रक्तपेढीत डॉक्टर आहे. दात्याचा फॉर्म वाचायचा, चार प्रश्न विचारायचे, रक्तदाब पाहायचा आणि त्याला आत पाठवायचं की आज नको म्हणायचं, हे काम बावीस वर्षं करते आहे. त्या टेबलाशी बसून जे कळलं, त्याच्या आधाराने ही उत्तरं.

प्रश्न : आमच्याकडे रक्तदान शिबिर होतं. पाच दिवसांपूर्वी फ्लूची लस घेतल्याचं मी फॉर्मवर लिहिलं, तर मला परत पाठवलं. माझ्या मागच्या मित्राने तीच लस, त्याच दिवशी घेतली होती. त्याने लिहिलं नाही आणि तो रक्त देऊन आला. लसीने माझं रक्त बिघडलं आहे का? खरं लिहून मी चूक केली का? (वय २६)

उत्तर : दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. तुमचं रक्त पूर्वी होतं तितकंच चांगलं आहे.

लसी ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात मारलेला जंतू, त्याचा एखादा तुकडा किंवा निष्प्रभ केलेलं विष असतं. फ्लूचं नेहमीचं इंजेक्शन, धनुर्वात, इंजेक्शनचा पोलिओ, एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची), न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची) या सगळ्या त्यातल्या. या लसींत वाढू शकेल असं काहीच नसतं, त्यामुळे तुमच्या पिशवीतून रुग्णाच्या अंगात जाऊन रुजणार तरी काय? दुसऱ्या प्रकारात जिवंत पण कमजोर केलेला विषाणू असतो: गोवर, गालगुंड, रुबेला, पीतज्वर, तोंडावाटे देतात तो पोलिओचा डोस. निरोगी माणसाचं शरीर अशा विषाणूला थोडे दिवस वाढू देतं आणि मग निपटून काढतं. ते थोडे दिवस आम्हाला टाळायचे असतात. कारण ती पिशवी केमोथेरपी चालू असलेल्या मुलाला लागू शकते, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला लागू शकते, गरोदर बाईला लागू शकते. त्यांच्या अंगात कमजोर विषाणूशी लढण्याइतकंही बळ असेलच असं नाही.

म्हणून भारतातल्या नियमांत मृत लसींसाठी १४ दिवस आणि जिवंत लसींसाठी २८ दिवस थांबायला सांगितलं आहे. नियम देशागणिक बदलतो. अमेरिकेत फ्लूचं इंजेक्शन घेतलेला माणूस ठणठणीत असेल तर त्याच दिवशी रक्त देऊ शकतो. जिवंत लसींसाठी मात्र तिथेही लसीप्रमाणे दोन किंवा चार आठवडे थांबवतात. तुम्ही जिथे असाल तिथल्या रक्तपेढीचा नियम पाळा.

मग मृत लसीला १४ दिवस तरी कशाला, असं तुम्ही विचाराल. लसीनंतर दोन दिवस अंग दुखतं, कणकण येते. टेबलापलीकडे बसलेल्या माणसाची कणकण लसीची आहे की आत सुरू झालेल्या एखाद्या संसर्गाची, हे मला नाडी बघून सांगता येत नाही. संसर्गाची असेल आणि रक्तात जिवाणू असतील, तर ते पिशवीत उतरतात आणि साठवणुकीत वाढू शकतात. थोडे दिवस मध्ये गेले की हा घोळ मिटतो.

तुमच्या मित्राने लिहिलं नाही, त्याच्या रक्ताने बहुधा कुणाचं काही बिघडणार नाही. पण आज फ्लूची लस लपवणारा उद्या गोवराची लपवील, आणि रक्ताच्या बाबतीत आमच्या हातात असलेली पहिली चाळणी म्हणजे तुमचं खरं बोलणं. बाकीच्या सगळ्या तपासण्या त्यानंतर येतात. परत पाठवलं तेव्हा ‘नेमक्या कोणत्या तारखेपासून चालेल’ हे तुम्हाला कुणी लिहून दिलं का? बहुतेक नसावं. ती चूक मात्र आमच्या बाजूची. तुम्ही लस घेतल्याच्या तारखेत १४ दिवस मिळवा आणि त्यानंतर येणारा पहिला सोयीचा दिवस आजच ठरवून टाका.

प्रश्न : कोविडच्या लसीकरणामुळे रक्ताचा तुटवडा झाला होता असं तेव्हा ऐकलं होतं. ते खरं होतं की अफवा?

उत्तर : तुटवड्याची भीती खरी होती. पण ती लसीपेक्षा हिशोबाची होती, म्हणून तो हिशोबच मांडते.

२०२१ च्या मार्चमध्ये भारतात असा नियम आला, की कोविडच्या लसीचा शेवटचा डोस घेतल्यावर २८ दिवस रक्त द्यायचं नाही. ‘शेवटचा’ हा शब्द महत्त्वाचा. दोन डोसांमध्ये २८ दिवसांचं अंतर धरलं, तरी पहिल्या डोसापासून एकूण ५६ दिवस माणूस बाद. अंतर जास्त असेल तर आणखी. आणि १ मेपासून १८ वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली होणार होती. १८ ते ४५ हा आमच्या नेहमीच्या दात्यांचा वयोगट. महाविद्यालयं आणि कार्यालयं आधीच बंद, म्हणजे शिबिरं बंद. त्या एप्रिलमध्ये ‘लस घ्यायला जाण्याआधी एकदा रक्त देऊन जा’ असे फोन मी स्वतः किती केले याची मोजदाद नाही. मेमध्ये नियम बदलला: कोणत्याही डोसानंतर १४ दिवस. जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारीतच सांगितलं होतं, की ज्या लसींत जिवंत विषाणू नाही त्या घेतलेल्या आणि बरं वाटत असलेल्या माणसाला थांबवायची खरं तर गरज नाही. ब्रिटनने सुरुवातीला सात दिवस ठेवले होते. नवी लस असताना थोडं जास्त सावध राहणं मला चूक वाटत नाही. पण सावधगिरीच्या प्रत्येक दिवसाची किंमत कुणीतरी मोजत असतं, हे नियम करताना समोर असायला हवं.

ती किंमत कुठे दिसते हे सांगते. तांबड्या पेशींची पिशवी फ्रिजमध्ये २ ते ६ अंशांवर ३५ दिवस टिकते, पोषक द्रव मिसळलेला असेल तर ४२ दिवस. प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवता येतो. प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, मात्र पाचच दिवस. त्यांना फ्रिजही चालत नाही. २० ते २४ अंशांवर, दिवसरात्र हलणाऱ्या कप्प्यांमध्ये त्या ठेवतात. आमच्याकडे ते यंत्र कोपऱ्यात आहे. रात्री सगळं शांत झालं की त्याची एकसुरी हालचाल ऐकू येते. पिशवी देण्याआधी तंत्रज्ञ ती उजेडासमोर धरून हलकेच फिरवतो. आतला पिवळसर द्रव रेशमी कापड वळवल्यासारखा लाटालाटांनी चमकला, तर प्लेटलेट जिवंत आहेत. चमक नसेल तर पिशवी जात नाही. या पाच दिवसांतला पहिला दीड दिवस तपासण्यांत जातो. म्हणजे प्लेटलेटचा साठा करून ठेवणं ही गोष्टच नाही. मागच्या महिन्यात हजार माणसांनी रक्त दिलं होतं, याचा आज रक्तस्राव होत असलेल्या रुग्णाला काहीही उपयोग नाही.

आणि एक निरीक्षण, नोंदवहीतलं. तात्पुरतं परत पाठवलेली माणसं पुन्हा फार कमी येतात. १४ दिवसांसाठी थांबवलेला माणूस दोन-दोन वर्षं दिसत नाही. ‘माझं रक्त चालत नाही’ असं तो घरी सांगतो आणि तेच डोक्यात राहतं. लसीचे १४ दिवस भरून निघतात, ही दोन वर्षं भरून निघत नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला थॅलेसेमिया आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. कोविडची लस घेतलेल्या माणसाचं रक्त तिला चालणार नाही असं मला अनेकांनी सांगितलं. लस न घेतलेल्या माणसाचंच रक्त द्या, असं मी रक्तपेढीला सांगितलं तर ते नाही म्हणाले. मग मी किंवा माझा भाऊ तिला रक्त देऊ का?

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. ज्याच्या मुलीचं आयुष्य दर तीन आठवड्यांनी परक्या माणसाच्या पिशवीवर अवलंबून आहे, त्या बापाने हा प्रश्न विचारायलाच हवा. तेव्हा काही न लपवता उत्तर देते.

रक्तपेढी ‘नाही’ म्हणाली, कारण अशी वेगळी पिशवी तिच्याकडे नसतेच. पिशवीच्या लेबलवर गट असतो, घेतल्याची आणि संपण्याची तारीख असते, तपासण्यांचे निकाल असतात. दात्याने कोणत्या लसी घेतल्या हे नसतं, कारण त्यावरून रुग्णाला रक्त सोसण्यात फरक पडतो असं कुठे दिसलेलं नाही. लसीकरणानंतर जगभर कोट्यवधी पिशव्या चढवून झाल्या आहेत. एरवी वर्षाला सुमारे ११ कोटी ८५ लाख रक्तदानं होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे. त्यावरून अंदाज करा.

लसीतलं काही पिशवीत येऊ शकतं का? एमआरएनए प्रकारच्या, म्हणजे पेशींना प्रथिन बनवण्याचा संदेश देणाऱ्या, लसीचे सूक्ष्म अंश काही लोकांच्या रक्तात काही आठवड्यांपर्यंत सापडल्याचं संशोधकांनी नोंदवलं आहे. पण तो अंश स्वतःची नक्कल करू शकत नाही, पेशीच्या केंद्रकात शिरून जनुकं बदलू शकत नाही. मुळात दंडात टोचलेला पूर्ण डोसच काही मायक्रोग्रॅमचा. त्यातलं पिशवीत उतरेल ते किती, आणि त्याने होणार काय? येतात त्या प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढायला शरीराने तयार केलेली प्रथिनं. त्या तर गोवर-कांजिण्या होऊन गेलेल्या प्रत्येक दात्याच्या रक्तातून तुमच्या मुलीला नऊ वर्षं मिळतच आहेत, आणि काही महिन्यांत विरून जात आहेत.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये न्यूझीलंडमध्ये असंच एक प्रकरण न्यायालयात गेलं होतं. तान्ह्या बाळाच्या हृदयाची शस्त्रक्रिया करायची होती, आईवडील लस घेतलेल्यांचं रक्त नको म्हणत होते. न्यायालयाने उपचारापुरतं बाळाचं पालकत्व आरोग्य यंत्रणेकडे दिलं आणि शस्त्रक्रिया झाली. त्या आईवडिलांचं प्रेम कमी होतं असं मी कधीच म्हणणार नाही. त्यांना कुणीतरी चुकीच्या गोष्टीला भ्यायला शिकवलं होतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आणि इथे मात्र मी तुम्हाला हात जोडून थांबवते. तिला तुमचं किंवा तुमच्या भावाचं रक्त देऊ नका. जवळच्या नातेवाइकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिच्या शरीराला इतक्या ओळखीच्या वाटू शकतात, की शरीर त्यांना हाकलत नाही. मग त्या पेशी तिच्याच शरीरावर उलटतात. हे क्वचित घडतं, पण घडलं तर बहुतेक वेळा जीव जातो. म्हणून नातेवाइकाचं रक्त द्यायचीच वेळ आली, तर ती पिशवी आधी किरणोत्सर्गाखाली ठेवून त्या पेशी निकामी करावी लागते. दुसरं कारण तुमच्या घरापुरतं आहे. उद्या तिच्यासाठी अस्थिमज्जा रोपणाचा विचार झाला, तर दाता घरातलाच शोधला जाईल. आज घरच्यांचं रक्त चढवून तिच्या शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली, तर तो रस्ता अवघड होतो.

तुम्हाला रक्तपेढीशी भांडायचंच असेल तर या गोष्टींसाठी भांडा: पिशवीतल्या पांढऱ्या पेशी गाळलेल्या आहेत का, तिच्या रक्तगटाची एबीओ आणि आरएचच्या (म्हणजे ए-बी-ओ गट आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या) पुढची तपासणी झाली आहे का, त्याप्रमाणे जुळवून पिशवी मिळते का, आणि चढवलेल्या रक्तामुळे तिच्या अंगात साठणारं लोह वेळेवर मोजलं जातं का. तिच्या पुढच्या वीस वर्षांत फरक पडणार आहे तो यांनी. तुम्हाला आणि भावाला रक्त द्यायचं असेल तर जरूर द्या. दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीला जाईल, आणि दुसऱ्या कुणाचं तुमच्या मुलीला येईल.

प्रश्न : मी नर्सिंगची विद्यार्थिनी आहे. रक्तदान केल्यावर चार दिवसांनी फोन आला: ‘तुमची हिपॅटायटिस बी रिॲक्टिव्ह आली आहे, येऊन भेटा.’ मी रात्रभर रडले. घरी सांगितलेलं नाही. नंतर आठवलं, की रक्त देण्याच्या सहा दिवस आधी कॉलेजमध्ये आम्हाला हिपॅटायटिस बीच्या लसीचा डोस दिला होता. फॉर्मवर मी तो लिहिला नव्हता, कारण ती आमची नेहमीची लस आहे. काही संबंध असेल का?

उत्तर : संबंध असण्याची दाट शक्यता आहे. आधी शांतपणे श्वास घ्या आणि मग पुढचं वाचा. ‘रिॲक्टिव्ह’ म्हणजे चाळणीच्या तपासणीत काहीतरी सापडलं, आजार पक्का झाला असं नाही.

हिपॅटायटिस बीची लस म्हणजे त्या विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं एक प्रथिन, यीस्टमध्ये तयार केलेलं. आख्खा विषाणू तिच्यात नसतो. आणि रक्तपेढी दात्याच्या रक्तात जे शोधते, तेही नेमकं तेच प्रथिन. दंडात टोचलेलं ते प्रथिन काही दिवस रक्तात फिरतं, आणि आजची यंत्रं इतकी तल्लख आहेत की तेवढंही पकडतात. साधारण तीन आठवड्यांपर्यंत असा निकाल येऊ शकतो. तुमचा सहावा दिवस होता.

पण मी म्हणते म्हणून गृहीत धरू नका, तपासून घ्या. शेवटच्या डोसाला महिना उलटून गेल्यावर तीच तपासणी पुन्हा करा. सोबत ‘अँटी-एचबीसी’ करा. विषाणूच्या गाभ्याविरुद्धची ही प्रतिपिंडं लसीने कधीच तयार होत नाहीत, कारण लसीत गाभा नसतो. पहिली तपासणी आता कोरी आणि हीसुद्धा कोरी आली, तर तो निकाल लसीचा होता. शंका उरलीच तर विषाणूच्या डीएनएची तपासणी आहे. हे सगळं ज्या रक्तपेढीने फोन केला तिथल्या समुपदेशकाला भेटून करा, आणि लसीचं कार्ड बरोबर न्या. कार्डावरची तारीख हाच तुमचा सर्वात मोठा पुरावा आहे. तुमची ती पिशवी मात्र नष्ट केली असेल. त्यात दुसरा पर्याय नसतो.

लसीमुळे तपासणी फसण्याची ही एकच गोष्ट नाही. १९९१ च्या अखेरीस अमेरिकेतल्या रक्तपेढ्यांना एकाएकी असे दाते दिसू लागले, की ज्यांच्या दोन-दोन, तीन-तीन विषाणूंच्या तपासण्या एकदम रिॲक्टिव्ह येत आणि बारकाईने पाहिलं तर काहीच नसे. त्यांच्यातल्या अनेकांनी नुकतीच फ्लूची लस घेतलेली होती.

तुमच्या पत्रातली एक ओळ माझ्या मनातून जात नाही. ‘येऊन भेटा.’ असे फोन मीही केले आहेत, घाईत, मागे रांग उभी असताना. त्या फोनवर एकच प्रश्न विचारायला हवा होता: गेल्या महिन्यात कोणती लस घेतली होती का? त्या एका प्रश्नाने तुमची ती रात्र वाचली असती. तुमचं पत्र आल्यापासून फोन करायच्या कागदावर सगळ्यात वर मी तो प्रश्न लिहून ठेवला आहे.

प्रश्न : कुत्रा चावला म्हणून रेबीजची लस घेतली. रक्तदानासाठी एक वर्ष थांबा म्हणाले. एवढी कडक लस आहे का?

उत्तर : लस अजिबात कडक नाही, ती मृत विषाणूची आहे. वर्षभर थांबवतात ते चाव्यासाठी. रेबीज फार सावकाश डोकं वर काढू शकतो, म्हणून तुम्ही सुरक्षित निघालात याची खात्री होईपर्यंत थांबायचं. तोवर लसीचे सगळे डोस मात्र वेळेवर पूर्ण करा, त्यात एक दिवसाचीही चालढकल नको.

जखमेनंतरच्या धनुर्वाताच्या इंजेक्शनाचंही असंच. साधी लस असेल तर १४ दिवस, पण तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन असेल तर हिशोब बदलतो. ‘टीटी घेतलं’ एवढ्यावरून मला ओळखता येत नाही. दवाखान्याचा कागद घेऊन या.

प्रश्न : लसीमुळे तयार झालेली प्रतिकारशक्ती रक्त दिल्यावर कमी होते का?

उत्तर : नाही. अंगात साधारण पाच लिटर रक्त, तुम्ही देता ३५० किंवा ४५० मिलिलिटर. शिवाय प्रतिपिंडांपैकी जवळपास निम्म्या रक्तवाहिन्यांच्या बाहेर असतात. म्हणजे फार तर शंभरातल्या चार-पाच जातात, आणि त्या पुन्हा तयार करणाऱ्या पेशी मज्जेत नि लसीका ग्रंथींत बसलेल्याच असतात. रक्तातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून येतं. वेळ लागतो तो तांबड्या पेशींना आणि लोहाला. म्हणून दोन रक्तदानांमध्ये पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर ठेवलं आहे. लसीचा त्याच्याशी संबंध नाही.

प्रश्न : माझा मुलगा सव्वा वर्षाचा आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या शस्त्रक्रियेत एक पिशवी रक्त चढवलं. आता गोवर-गालगुंड-रुबेलाची लस द्यायची आहे. चालेल का?

उत्तर : उलट्या बाजूचा हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, तुम्ही विचारलात हे बरं झालं.

दात्याच्या रक्तातली गोवराची प्रतिपिंडं तुमच्या मुलाच्या अंगात काही महिने राहतात. जिवंत लसीतला कमजोर विषाणू त्याला टोचला, की ती पाहुणी प्रतिपिंडं त्या विषाणूला वाढू न देताच संपवतात. लस दिल्याची नोंद कार्डावर होते आणि संरक्षण मात्र मिळत नाही. म्हणून थांबायचं. किती, ते कोणता घटक चढवला त्यावर ठरतं: धुतलेल्या तांबड्या पेशी असतील तर थांबायची गरज नाही, पोषक द्रव मिसळलेल्या तांबड्या पेशींना तीन महिने, साध्या तांबड्या पेशींना किंवा संपूर्ण रक्ताला सहा, प्लाझ्मा किंवा प्लेटलेटना सात. कांजिण्यांच्या लसीलाही हेच लागू. तोंडावाटे देतात तो पोलिओ आणि ट्रिपल, हिपॅटायटिस बीसारख्या मृत लसी वेळेवर द्या, त्यांना यातलं काही आड येत नाही. आसपास गोवराची साथ असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारा. अशा वेळी ते आत्ता एक डोस देऊन पुढे तोच पुन्हा द्यायला सांगू शकतात.

डिस्चार्जच्या कागदावर नुसतं ‘रक्त दिलं’ असं असेल, तर रुग्णालयाकडून घटकाचं नाव आणि तारीख मागून घ्या आणि लसीकरणाच्या कार्डावर गोवराच्या रकान्याशेजारी लिहून ठेवा. समासात पेनाने लिहिलं तरी चालेल.